भरलेली गाडी आणि बांधलेली गाडी

पेरणीपासून काढणीपर्यंत शेतकरी आपल्या पिकाची निगा डोळ्यांत तेल घालून राखतो. बियाणे पारखून घेतो, पाण्याची पाळी आली की रात्री-अपरात्री उठतो, आभाळ भरून आले की खळ्याकडे धाव घेतो. परंतु तोच माल गाडीत चढू लागला की ही दक्षता एकाएकी सुटते. चार महिने जपलेले पीक अर्ध्या तासात घाईघाईने रचले जाते, वरून एक जुना दोर टाकला जातो आणि गाडी रस्त्याला लागते. बाजार गाठावयाचा असतो, लिलावाची वेळ टळून जाईल अशी धास्ती असते, मजुरांना घरी जावयाचे असते. या घाईत शेतकामातील शेवटचे काम अपुरे राहते. ते काम म्हणजे माल बांधणे.

माल भरणे आणि माल बांधणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत, अशी समजूत खेडोपाडी रूढ आहे. ही समजूत चुकीची असून तिच्यापायी मालाचे, वाहनाचे आणि कित्येकदा माणसांचे नुकसान होते. माल वाहून नेणे हे ड्रायव्हरचे काम, मालकाचा त्याच्याशी संबंध नाही, असेही पुष्कळदा मानले जाते. वास्तविक माल किती भरावयाचा आणि गाडी केव्हा निघावयाची, हे ठरविणारा मालकच असतो. म्हणून गाडी नीट भरली आणि बांधली आहे की नाही, हे पाहण्याची पहिली जबाबदारीही त्याचीच मानली पाहिजे.

बैलगाडीचे शहाणपण आणि मोटारीचा वेग

गाडी भरण्याची विद्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नवी नाही. जुन्या गाडीवानाला ती पुरती अवगत होती. पोती रचताना आसाच्या पुढे किती आणि मागे किती भार पडतो, हे तो नजरेने जोखीत असे. भार मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. भार पुढे आला तर तो सारा बैलांच्या मानेवर येतो. कडबा भरताना पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत ठेवून तो थर रचीत असे. शेवटी चऱ्हाट पुढून मागे ओढून, त्यात काठी घालून पीळ देई आणि मगच बैलांना हाक देई.

हे शहाणपण आजही खोटे ठरलेले नाही. ते केवळ अपुरे पडू लागले आहे, आणि त्याचे कारण वेग हे होय. बैलगाडी तासाला सुमारे ४ किलोमीटर चालते. त्या वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर तिच्यावरील मोकळ्या पोत्याला बसणारा हिसका, ते पोते चार बोटे उंचीवरून खाली पडावे इतकाच असतो. हेच पोते ताशी ४० किलोमीटर वेगाच्या टेम्पोत असेल, तर वेग दहापट झाला, परंतु पोत्यातील जोर शंभरपट होतो. ५० किलोचे पोते २० फूट उंचीवरून टाकले असता ज्या जोराने आदळेल, त्या जोराने ते पुढील वस्तूवर आदळू शकते. वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर हीच उंची ४५ फुटांच्या वर जाते. पुढे ड्रायव्हरची केबिन असते, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबाचे गांभीर्य कळून येईल.

“माल इतका जड आहे, तो कुठे हलणार?” असे पुष्कळ लोक विचारतात. परंतु जड माल हलत नाही ही कल्पना उभ्या गाडीपुरतीच खरी आहे. गाडीने ब्रेक लावला तरी माल पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो, आणि माल जितका जड तितका त्याचा रेटा अधिक. रस्त्यावरील मालवाहतुकीसाठी युरोपात जो दंडक पाळला जातो, त्याप्रमाणे माल पुढे सरकू नये म्हणून त्याच्या वजनाच्या आठ दशांश आणि बाजूला किंवा मागे सरकू नये म्हणून निम्मा रेटा सहन होईल, अशी अडवणूक व बांधणी असावी लागते. म्हणजे १,००० किलो मालाचा पुढील रेटा ८०० किलोचा धरावयाचा. सुतळीने किंवा उन्हात वाळलेल्या नायलॉनच्या एका दोराने हा रेटा अडणार नाही, हे उघड आहे.

माल कसा रचावा

बांधणी चांगली व्हावयाची तर रचणी आधी चांगली झाली पाहिजे. जड वस्तू तळाशी आणि हलक्या वस्तू वर, हा पहिला नियम होय. दुसरा नियम असा की, माल पुढील फळीला टेकवून रचण्यास सुरुवात करावी. हौद्याच्या पुढील भागात हातभर जागा मोकळी सोडली, तर ब्रेक लागताच सर्व थर त्या जागेत धाव घेतात. टेकलेल्या मालाला धावण्यास जागाच मिळत नाही. तिसरा नियम, डावी आणि उजवी बाजू समतोल ठेवावी. एका अंगाला खताची पोती आणि दुसऱ्या अंगाला भुशाची पोती भरलेली गाडी वळणावर कलते.

चाकांच्या एकाच जोडीवर चालणाऱ्या ट्रॉलीच्या बाबतीत बैलगाडीचाच न्याय लागू पडतो. सर्व भार मागे भरला तर ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरच्या हुकाला वर उचलू लागते, ट्रॅक्टरच्या मागील चाकांवरील दाब कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर चाके पकड सोडतात. उलट भार फारच पुढे आला, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलले जाते आणि सुकाणू हलके पडते. म्हणून भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे राहील, अशा बेताने माल रचावा. रस्त्याला लागण्यापूर्वी ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन्ही पेडल खिटीने जोडावयास विसरू नये. शेतात वळण्यासाठी ती सुटी ठेवतात. भरलेली ट्रॉली मागे असताना एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो.

वजन हा एकच धोका नव्हे. कापूस आणि कडबा हा माल हलका असतो, म्हणून तो उंच रचला जातो, आणि उंची हाच त्याचा धोका ठरतो. वाऱ्याचा झोत, रस्त्याची उतरती कड किंवा एखादा खड्डा अशी गाडी उलटविण्यास पुरेसा होतो. शिवाय रस्त्यावरून आडव्या जाणाऱ्या विजेच्या तारांना कडब्याचा माथा लागून भरली गाडी पेटते. गाडी कोणत्या वाटेने जाणार, त्या वाटेवर तारा कोठे लोंबत आहेत, हे मालकाने आधी पाहून घ्यावे आणि उंची तारांच्या पुष्कळ खाली ठेवावी. दोन खेपा कराव्या लागल्या तरी हरकत नाही. ऐन हंगामात डिझेलचा खर्च अंगावर येतो हे खरे. परंतु एक खेप वाचविण्यासाठी पणास लावलेली गाडी आणि वर्षाचा चारा यांची किंमत त्या डिझेलहून कितीतरी अधिक असते.

पाण्याच्या टाकीचा प्रश्न याहून वेगळा आहे. फवारणीसाठी ५०० लिटरची टाकी टेम्पोत ठेवतात आणि ती अर्धवट भरून नेणे सोयीचे समजतात. अर्धवट टाकीतील पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि गाडीलाही त्या बाजूला ओढते. टाकी पूर्ण भरावी किंवा रिकामी न्यावी, आणि दोन्ही वेळी ती चारही बाजूंनी बांधावी.

गाडी किती माल वाहू शकते हे अंदाजाने ठरवू नये. नोंदणीपुस्तकातील आकड्यांवरून ते समजते. समजा, एखाद्या पिकअप गाडीची मालाची मर्यादा १,२०० किलो आहे आणि टोमॅटोने भरलेली क्रेट २४ किलोची आहे. मग त्या गाडीत ५० क्रेट बसतात. जागा आहे म्हणून ६० चढविल्या, तर २४० किलोचा जादा भार ब्रेक, टायर आणि पाटे यांवर पडतो. हा गुणाकार शाळेत जाणारा मुलगाही करू शकेल. तो गाडी भरण्यापूर्वी करावा एवढेच.

माल कसा बांधावा

दोराची निवड करताना जुन्या मोटेचा दंडक आठवावा. ज्या दोरावर जीव टांगावयाचा, तो विहिरीत सोडण्यापूर्वी हातांतून फिरवून पाहिला जात असे. गाडीचा दोरही तसाच दर खेपेस हाताळून पाहावा. तुटलेले पेड, कुजलेला भाग किंवा जुन्या गाठी दिसल्यास तो दोर गोठ्यात दावणीसाठी वापरावा, रस्त्यावर आणू नये. शक्य तेथे आवळण्याची कळ असलेले पट्टे घ्यावेत. त्यांची किंमत काही क्रेट टोमॅटोंच्या किमतीहून अधिक नसते आणि ते अनेक हंगाम टिकतात.

दोर हौद्याच्या कडीला किंवा हुकाला बांधावा, लाकडी फळीला नव्हे. बांधताना सुरगाठीवर विसंबू नये. हिसक्याने ती सुटते. मागील फाळक्याच्या खिट्या दोन्ही बाजूंनी बसल्या आहेत की नाहीत, हे हाताने हलवून पाहावे. ताडपत्री ही पावसासाठी आणि धुळीसाठी असते. ती माल धरून ठेवीत नाही, म्हणून तिच्यावरूनही दोर घ्यावा. क्रेटचा वरचा थर फाळक्याच्या वर जात असेल, तर प्रत्येक ओळीवरून स्वतंत्र दोर हवा. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक सहज घसरते. वरील एक क्रेट सुटली म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या जिवावर बेतते.

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट पुढेच आहे. चार-पाच किलोमीटर गेल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन दोर पुन्हा आवळला पाहिजे. हिसक्यांनी माल बसतो, पोती दबतात, उसाच्या मोळ्या एकमेकींत शिरतात आणि शेतात ताठ असलेला दोर सैल पडतो. गावात बांधलेली गाडी बाजारापर्यंत बांधलेलीच राहते, असे समजणे ही मोठी चूक होय.

पाइपांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी. ठिबकाच्या किंवा पाइपलाइनच्या कामासाठी २० फुटी पाइप जीपच्या टपावर टाकून आणण्याची रीत सर्वत्र आहे. आडवा दोर टाकल्याने पाइप बाजूला पडत नाहीत, पण जोराचा ब्रेक लागताच भाल्यासारखे पुढे सुटतात. म्हणून सर्व पाइपांची मोळी प्रथम दोन ठिकाणी आवळावी, मोळीभोवती दोराचा पक्का वेढा घेऊन तो पुढे आणि मागे दोन्हीकडे ताणून बांधावा. एवढे लांब पाइप जीपच्या मागे पुष्कळ बाहेर येतात. ते ट्रॉलीत किंवा लांब हौद्याच्या गाडीतच आणणे इष्ट होय.

घरच्या मोटारीतील माल

आता अनेक शेतकऱ्यांच्या दारात घरची मोटार उभी असते. तालुक्याहून परतताना तिच्यात युरियाची ४५ किलोची गोणी, मोटारपंप, फवारणीचे औषध, विळे-खुरपी आणि घरची मंडळी अशी सर्व एकत्र येतात. मोटारीला छप्पर आणि दारे असल्याने माल बाहेर पडत नाही, म्हणून तो सुरक्षित आहे असे वाटते. परंतु आत सुटलेली वस्तू आतील माणसांवरच आदळते. पंपासारखी जड वस्तू मागील डिकीत, तळाशी, आसनाच्या पाठीला टेकवून ठेवावी आणि बांधावी. मागील काचेजवळील फळीवर डबा किंवा हत्यार ठेवू नये. विळे आणि खुरपी गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवावीत. ड्रायव्हरच्या पायाशी बाटली किंवा पिशवी मुळीच नको. बाटली गडगडत ब्रेकच्या पेडलखाली गेली तर ब्रेक दाबताच येत नाही.

कीटकनाशके माणसांसोबत, धान्यासोबत किंवा पेंडीसोबत नेऊ नयेत. खाद्यपदार्थांशी किंवा जनावरांच्या खाद्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने कीटकनाशके वाहून नेण्यास १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी मनाई केलेली आहे. औषधाचा डबा उभा, झाकण घट्ट करून, झाकणाच्या बादलीत ठेवून न्यावा. फुटलाच तर औषध बादलीत राहील, तान्ह्या मुलाच्या अंथरुणावर पडणार नाही.

मालावर माणूस नको

येथवरच्या गोष्टी मालाच्या झाल्या. ज्या प्रश्नावर खरोखर गावाने एकमत केले पाहिजे तो प्रश्न माणसांचा आहे. ऊसतोडीच्या हंगामात संसाराची गाठोडी भरलेल्या ट्रॉलीच्या माथ्यावर बायका आणि लेकरे बसून शेकडो किलोमीटर प्रवास करतात. खुरपणीला आणि काढणीला जाणारे मजूर ट्रॉलीच्या फाळक्यावर पाय सोडून बसतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरही कोणीतरी असतेच. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात शेतकामासाठी निघालेल्या मजुरांची ट्रॉली ट्रॅक्टरसह विहिरीत पडून ७ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. त्या दिवशी त्या घरून निघाल्या त्या रोजगारासाठी.

ट्रॉलीला माणसांसाठी बैठक नसते, धरावयास कठडा नसतो. मालाचा थर सरकला तर त्यावरील माणूस त्याच्यासह जातो आणि माल त्याच्या अंगावर पडतो. माल बांधता येतो. मालावर बसलेला माणूस बांधता येत नाही. शिवाय अशा रीतीने बसलेल्या मजुराला अपघातानंतर विम्याची भरपाई मिळण्यात पुष्कळ अडचणी येतात. “मजूर स्वतःच्या खुशीने बसतात,” असे सांगितले जाते. परंतु दुसरे वाहनच नसेल आणि वेळेवर न पोहोचल्यास रोज बुडणार असेल, तर त्या खुशीला फारसा अर्थ उरत नाही. मजूर आणण्याची सोय ज्याने करावयाची, त्यानेच ती माणसांना साजेल अशी केली पाहिजे. दोन-तीन शेतकऱ्यांनी मिळून प्रवासी वाहन ठरविले तर खर्च विभागला जातो. वाहन मिळेपर्यंत काम अर्धा दिवस पुढे गेले तरी चालेल.

रात्रीची ट्रॉली आणि रस्त्यावरचा दगड

ऊस, कांदा आणि भाजीपाला यांची वाहतूक बहुधा रात्री होते. ट्रॉलीचा मागील दिवा बंद, पाठीवर चिखल आणि बाहेर आलेले उसाचे वाढे, अशा स्थितीत मागून येणाऱ्याला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. लाल रिफ्लेक्टर ट्रॉलीच्या मागे दोन्ही कडांना, मालाने झाकले जाणार नाहीत अशा जागी लावावेत आणि गाडी निघण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसावेत.

ट्रॉली नादुरुस्त झाली की चाकाला उटी म्हणून मोठे दगड लावतात, आणि दुरुस्ती झाल्यावर ते तेथेच टाकून निघून जातात. त्या दगडावर आदळून पडणारा मोटारसायकलस्वार बहुधा शेजारच्याच गावचा असतो. लाकडी उटी साखळीने ट्रॉलीलाच अडकवून ठेवली, तर दगडाची गरजच उरणार नाही. गावातील सुतार ती तासाभरात करून देईल.

कायदा आणि कर्तव्य

मोटार वाहन अधिनियम १९८८ यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार कलम १९४ मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. माल मर्यादेबाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंच गेला तरीही २०,००० रुपये दंड आहे. हा दंड केवळ गाडी चालविणाऱ्यासाठी नसून, तशी गाडी चालवावयास लावणाऱ्यासाठी किंवा चालवू देणाऱ्यासाठीही आहे. मालकाची जबाबदारी कायद्यानेही मानली आहे, ती अशी. परंतु दंडाच्या भीतीने केलेली बांधणी नाक्यापुरतीच टिकते. रोजावरचा ड्रायव्हर “एवढा माल नको” असे म्हणू शकत नाही, कारण उद्याचे काम मालकाच्या हाती असते. म्हणून “एवढा पुरे” हे शब्द मालकाच्याच तोंडून निघाले पाहिजेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाला बीजप्रक्रिया किंवा माती परीक्षण यांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, हे सर्वथा योग्य ठरेल. त्यासाठी निराळा खर्च नको. हंगामाच्या तोंडी एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर एक गाडी उभी करावी, ती लोकांसमोर नीट भरावी, बांधावी, पाच किलोमीटर फिरवून आणावी आणि दोर किती सैल पडला हे सर्वांना हाताने पाहू द्यावे. या प्रयोगाने जे पटेल ते दहा भाषणांनी पटणार नाही. जुन्या गाडीवानांना या वेळी अगत्याने बोलवावे. पीळ कसा द्यावा हे तरुण ड्रायव्हरला त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवू शकणार नाही.

शेतकऱ्याने गाडी निघण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी घालावी. दोर, फाळका, दिवे, टायर आणि मालावर कोणी बसले नाही ना, एवढ्या पाच गोष्टी पाहाव्यात. या फेरीला दोन मिनिटे लागतात. लिलावाला दोन मिनिटे उशीर झाल्याने कोणाचा माल परत आलेला नाही.